पायाचा निरोप मागच्या चाकांना

रस्त्याने जाणाऱ्या ट्रेलरकडे लोक पाहतात ते त्याच्या लांबीमुळे. मी पाहत नाही, ऐकतो. तलासरीला माझ्या गॅरेजसमोर महामार्गाला थोडा उतार आहे. तेथे चालकाने ब्रेक दाबून सोडला, की हवेचे दोन सुस्कारे ऐकू येतात. एक पुढून, इंजिनाच्या बाजूने, आणि लगेच दुसरा मागून, ट्रेलरच्या पोटाखालून. दोन्ही आले की मी हातातल्या कामाकडे वळतो. एकच आला, तर ती गाडी नजरेआड होईपर्यंत मला चैन पडत नाही.

गॅरेज तलासरीला आणि घर डहाणूला, असा माझा संसार बरीच वर्षे दोन गावांत वाटलेला आहे. पन्नाशी मागे पडली आहे. पत्नी बोर्डीच्या शाळेत शिकवते. हा मजकूर तिच्या नजरेखालून गेला आहे. तिने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. बाकी दुरुस्त करण्यासारखे जे होते, ते माझे मलाच करायचे होते.

मी ट्रेलरच्या ब्रेकची कामे करतो. हे काम बाहेरच्या माणसाला सांगायचे तर आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. ट्रेलर ही एक गाडी नसते, त्या दोन असतात. पुढे इंजिन आणि केबिन असलेला भाग, ज्याला आमच्याकडे घोडा म्हणतात, आणि मागे माल वाहणारा लांबलचक सांगाडा. घोडा सोडवून दुसऱ्या सांगाड्याला जोडता येतो. दोघांमध्ये एक भक्कम लोखंडी खुंटी असते, विजेची एक तार असते आणि दोन रबरी पाइप असतात, एक लाल आणि एक पिवळा. लाल पाइपातून मागच्या टाकीत सतत हवा भरली जाते. पिवळ्या पाइपातून हवा जाते ती फक्त चालकाने पॅडल दाबल्यावर. आमच्या दुकानात मी नेहमी असे समजावतो, की लाल पाइप म्हणजे शिधा आणि पिवळा म्हणजे हुकूम. शिधा भरपूर आहे, चाके, ब्रेकचे लायनर, टाकी सगळे शाबूत आहे, पण हुकूमच पोचला नाही, तर मागचा सांगाडा आपल्याच तंद्रीत पुढे येत राहतो. घोडा थांबतो आणि त्याच्या पाठीवर सगळा माल येऊन आदळतो. चालकाच्या पायाने धाडलेला निरोप मागच्या चाकांपर्यंत पोचतो की नाही, आणि पोचत नसेल तर वाटेत कोठे अडतो, हे शोधणे एवढाच माझा धंदा.

निरोप अडवणारे मात्र नाना प्रकारचे भेटतात. एकदा बोर्डीच्या एका बागायतदाराचा ट्रेलर आला. घोडा दुसऱ्या कामावर गेला होता, म्हणून सांगाडा चिकूच्या वाडीत कित्येक दिवस नुसता उभा होता. पुन्हा जोडल्यावर मागे ब्रेक लागेना. पिवळ्या पाइपाच्या जोडणीत मी स्क्रूड्रायव्हर घातला तर माती निघाली, आणि मातीबरोबर अर्धवट सुकलेल्या अळ्या. उघड्या तोंडातून कुंभारमाशीने आत शिरून आपले घर बांधले होते. बागायतदार ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "माझ्या जागेत न विचारता बांधकाम, आणि तेही माझ्याच पाइपात." माशीचे घर त्यांनी रुमालात गुंडाळून घरी नेले. कशासाठी, ते मी विचारले नाही.

दुसरा एक चालक दसऱ्यानंतर आला. पूजेसाठी त्याने गाडी इतक्या मनापासून रंगवली होती, की लाल आणि पिवळा, दोन्ही पाइप एकाच भगव्या रंगाने चमकत होते. मग कोणीतरी ते उलटे जोडले. शिध्याच्या वाटेने हुकूम आणि हुकमाच्या वाटेने शिधा जाऊ लागला. सांगाडा जुना, हवा तुटली की आपोआप ब्रेक लागण्याची नवी सोय त्यात नव्हती, त्यामुळे तो ब्रेकविना सुखाने धावत होता. चालकाला मी एवढेच म्हणालो, की देवाला बहुधा मूळ रंगही चालले असते.

अशा गमती सांगाव्यात तितक्या थोड्या. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. काही चालक ट्रेलरचे ब्रेक स्वतःच ढिले करून ठेवतात. मागची चाके घासली नाहीत तर टायर जास्त टिकतात, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे "मागे ब्रेक लागत नाही" असे चालक म्हणाला, की मेकॅनिकची पहिली नजर ब्रेककडे जात नाही. ती चालकाकडे जाते. अनेक वर्षांच्या सवयीने माझीही तिकडेच जात असे.

आता आमच्या तपासणीची पद्धत सांगतो. माझा आवाज लहान आहे. घरी पत्नी म्हणते, की मी मीठ मागितले तरी ते दुसऱ्या खेपेला कळते. ट्रेलरखाली आडवा पडून, इंजिन सुरू असताना, केबिनमधल्या माणसाला "दाबा", "सोडा" असे ओरडून सांगणे मला कधीच जमले नाही. म्हणून मी हातोडी वापरू लागलो. सांगाड्याच्या लोखंडावर एक ठोका म्हणजे पॅडल दाबा, दोन ठोके म्हणजे सोडा. लोखंडातून ठोका थेट केबिनपर्यंत जातो. पॅडल दाबले, की प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमधून लोखंडी दांडा बाहेर सरकतो. तो सरकला की निरोप पोचला.

केबिनमध्ये नेहमी नटूभाई असत. नटूभाई उंबरगावच्या बाजूचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे, धंद्यातले माझे भागीदार. मराठी बोलता बोलता ते गुजरातीत शिरतात आणि आपण शिरलो हे त्यांना कळत नाही. त्यांचा उजवा गुडघा फार दिवसांपासून धरलेला आहे. देवळाच्या पायरीवर ठेवावे तसे ते पॅडलवर पाऊल ठेवतात, सावकाश, अदबीने, आणि मग हळूहळू भार देतात. चालकाला आम्ही तपासणीच्या वेळी केबिनमध्ये बसू देत नसू. तो काहीतरी फिरवाफिरव करील, हा संशय. संशय असा शब्द तेव्हा आम्ही वापरत नव्हतो. आम्ही त्याला पद्धत म्हणत होतो.

आणि मग सोमा आला.

सोमा उधव्याचा. घरची भाताची आणि नाचणीची डोंगरउताराची शेती. ट्रेलर चालवणारा तो त्याच्या पाड्यावरचा पहिला माणूस. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेत लोक त्याच्या नावापुढे 'ड्रायव्हर' असे छापू लागले होते. गुजरातेतून लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या भरून तो मुंबईच्या दिशेने जात असे. तलासरीच्या अलीकडे चिकूचे खोके भरलेला एक टेम्पो त्याच्या पुढे एकाएकी थांबला. सोमाने ब्रेक मारला. घोडा थांबत आला, पण मागच्या वजनाने त्याला ढकलले आणि टेम्पोला धक्का बसला. कोणाला लागले नाही. रस्त्यावर चिकूंचा मात्र सडा पडला आणि त्यावरून गाड्या गेल्या. टेम्पोवाला काय काय बोलला ते सोमाने मला सांगितले नाही. "त्याचं खरं होतं," एवढेच म्हणाला.

त्याचे म्हणणे असे, की पॅडल दाबूनही मागे ब्रेक लागला नाही. हे पहिल्यांदा घडलेले नव्हते. त्याने आपल्या मालकांनाही आधी सांगितले होते. मालकांना वाटले, पठ्ठ्या विश्रांतीसाठी कारणे शोधतो आहे. धक्क्यानंतर तर त्यांचा विश्वासच उडाला. मालकांचा मला फोन आला. माणूस वाईट नव्हे, पण घाईचा.

"मिस्त्री, मला एवढंच सांगा. ब्रेक खराब असेल तर ब्रेक बदलू. ब्रेक चांगला असेल तर ड्रायव्हर बदलू. तिसरं काही नाही."

म्हणजे सोमाची ड्रायव्हरची गादी माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपली होती. आणि नुसती ही गादी नव्हे. या पट्ट्यात गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. 'याने गाडी ठोकली आणि ब्रेकवर ढकलले' असा शिक्का एकदा बसला, की दुसरा कोणी किल्ली हातात देत नाही. सोमाला हे माझ्याइतकेच कळत होते. तो आवारात एका बाजूला हाताची घडी घालून उभा राहिला.

मी चाकांखाली लाकडी ठोकळे लावले आणि खाली शिरलो. आधी पाहिले, की ब्रेक मुद्दाम ढिले केले आहेत का. केलेले नव्हते. उलट इतके नेमके बसवलेले मी क्वचित पाहिले असतील. मला जरा आश्चर्य वाटले, आणि ते वाटले याचे आज वाईट वाटते. मग ठोका दिला. नटूभाईंनी दाबले. सगळे दांडे बाहेर सरकले. दोन ठोके, दांडे आत. पुन्हा एक. पुन्हा तसेच. हवा कोठून गळत नव्हती. टाकीत पाणी नव्हते. ज्या व्हॉल्व्हकडे पिवळ्या पाइपाचा हुकूम येतो, तो उघडून पुसून परत बसवला. पुन्हा ठोका, पुन्हा दांडे बाहेर. ब्रेक उत्तम होते.

मी बाहेर आलो तेव्हा सोमा जवळ आला.

"मिस्त्री, हा गरज नसली की येतो. गरज पडली की येत नाही."

नटूभाई वरून म्हणाले, की असे नातेवाईक त्यांच्याकडेही पुष्कळ आहेत. आम्ही दोघे हसलो. सोमाही थोडा हसला, मोठ्या माणसांनी विनोद केल्यावर हसावे तसा. मग त्याने विचारले, "मी दाबू का एकदा?"

मी नाही म्हणालो नाही. मी मान हलवून नुसता हसलो आणि हात पुसू लागलो. मृदू बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे मत चांगले असते. पण मृदू माणसाचा नकार फार वाईट असतो. त्याच्याशी भांडताही येत नाही. सोमा परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी मालकांनी पुन्हा फोन केला. मी म्हणालो, "अजून तरी काही सापडलं नाही."

"म्हणजे ब्रेक चांगला," ते म्हणाले.

मी गप्प राहिलो. मला न सापडणे आणि दोष नसणे या दोन गोष्टींमध्ये केवढे अंतर आहे, हे माझ्या धंद्यात मला माहीत नसेल तर कोणाला असणार? तरी ते अंतर मी फोनवर उलगडून सांगितले नाही. डहाणूला घरी जाताना वाटेत मला त्या गप्प राहण्याचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. जेवताना पत्नीने विचारले, की आज कोणाशी बोलला नाहीत का. मी म्हणालो, एकाशी बोलायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडले तर बाकावर एक नवा माणूस वळकटी घेऊन बसलेला. रुंद खांदे, उन्हाने रापलेला चेहरा. नाव हरेश, राहणार चिंचणी. आधी बोटीवर होता, मग गाड्यांवर आला. मालकांनी त्याला बदली चालक म्हणून पाठवले होते. गाडी ताब्यात घेऊन निघायचे होते. रात्री केबिनमध्येच झोपलेला सोमा त्याच्या शेजारी बसून चहा पीत होता. मला वाटले होते, की दोघांत ताण असेल. तसे नव्हते. सोमा त्याला गाडीची ओळख करून देत होता. दुसरा गिअर जरा रुसतो, त्याला घाई करायची नाही. डावा आरसा उंचावर बसवला आहे, तो तसाच राहू द्यायचा. आपले मूल पाहुण्यांकडे ठेवताना आई सांगते तसे ते सांगणे होते.

हरेशने विचारले, "आणि ब्रेक?"

सोमाने माझ्याकडे पाहिले. "ब्रेकचं मिस्त्रींना विचार. ते म्हणतात, चांगले आहेत."

हा टोमणा होता, आणि तो त्याच्या हक्काचा होता.

नटूभाई गुडघ्याला लावायचे तेल आणायला बाजारात गेले होते. गाडी सोपवण्यापूर्वी शेवटची एक तपासणी करायची, हा आमचा नियम. केबिनमध्ये कोणाला बसवावे? सोमा समोर उभा होता. कालच त्याने स्वतःहून विचारले होते. मी त्याच्यावरून नजर पुढे नेली आणि हरेशला म्हणालो, "तुम्ही बसता का जरा? एक ठोका म्हणजे दाबायचं, दोन म्हणजे सोडायचं." मला वाटत होते, की मी तटस्थ माणूस निवडतो आहे. सोमाला काय वाटले असेल, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहू शकलो असतो. मी पाहिले नाही. मी खाली शिरलो.

एक ठोका दिला.

दांडे हलले नाहीत.

मला वाटले, हरेशला ऐकू गेले नाही. पुन्हा ठोका दिला, जरा जोरात. वरून केबिन हलल्याचे जाणवले, पण माझ्या डोक्यावरचे दांडे जागच्या जागी. पुष्कळ वेळाने, जणू कोणाची हाक ऐकून न ऐकल्यासारखे करावे तसे, ते आळसावून थोडेसे बाहेर आले. मी सरपटत बाहेर निघालो आणि केबिनपाशी गेलो.

"दाबलंत का?"

"दाबला ना," हरेश म्हणाला. "तळाला लागला."

"दोन्ही वेळा?"

"मिस्त्री, समुद्रावर अर्धवट ओढून काही चालत नाही. दाब म्हटलं की आपण दाबतो."

तेवढ्यात नटूभाई तेलाची बाटली घेऊन आले. मी त्यांना काही न सांगता वर बसायला लावले आणि पुन्हा खाली गेलो. एक ठोका. सगळे दांडे कवायतीसारखे बाहेर. मी त्यांना सांगितले तेव्हा ते प्रसन्नपणे म्हणाले, "मारा पगमां जादू छे, भास्करभाई."

पायात जादू नव्हती, गुडघा होता. हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही, पण माझ्याआधी सोमा बोलला. आवाज न चढवता बोलला.

"तेच तर सांगतोय कालपासून. हळू दाबला तर येतो. पण रस्त्यात कुणी आडवं आलं, तर हळू कोण दाबतं?"

काल ज्या वाक्यावर आम्ही हसलो होतो, तेच हे वाक्य होते. गरज नसली की येतो, गरज पडली की येत नाही. मी ते गाऱ्हाणे समजलो होतो. ते लक्षण होते; एखाद्या शहाण्या रोग्याने वैद्याला सांगावे इतके नेमके. आमच्या आवारात मात्र वर्षानुवर्षे एकाच माणसाचा एकच पाय, एकाच अदबीने पॅडल दाबत आला होता, आणि त्या पायाला जे दिसत नव्हते, ते जगात नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढचे काम सोपे होते. जोराचा निरोप अडतो आणि हळू दिलेला जातो, म्हणजे वाटेत काहीतरी असे आहे, की जे झोताने उचलले जाते. घोडा आणि सांगाडा यांच्यामधला पिवळा पाइप मी सोडवला. तो बाहेरून धडधाकट दिसत होता, म्हणून काल मी त्याला हात लावून पुढे गेलो होतो. त्याचे घोड्याकडचे टोक तोंडाला लावून मी फुंकर घातली, हवा गेली. मी पाइप हरेशच्या हातात दिला. त्याने शंख वाजवावा तशी छाती भरून फुंकले. आतून 'टप' असा बारीक आवाज आला आणि त्याचे गाल फुगून राहिले. हवा बंद. नटूभाईंनी फुंकले, गेली. सोमाने फुंकले, 'टप'. चार मोठी माणसे एका पाइपाभोवती उभी राहून आळीपाळीने फुंकत आहेत आणि प्रत्येक 'टप'ला खूश होत आहेत, हे दृश्य पाहून समोरचा चहावालासुद्धा रस्ता ओलांडून आला.

मी पाइप उभा चिरला. आतले रबरी अस्तर एका जागी सुटले होते आणि जिभेसारखा एक तुकडा लोंबत होता. हवा सावकाश आली, तर ती त्याच्या बाजूने निघून जाई. झोत आला, की जीभ उचलली जाई आणि वाट बंद करी. सोमाने तो तुकडा बोटाने वर-खाली करून पाहिला.  मग तो पाइप त्याने कितीतरी वेळ हातातून सोडला नाही.

मग मी मालकांना फोन लावला. नेहमी मी फोन घेऊन आडोशाला जातो. या वेळी तिघांच्या समोर उभा राहून बोललो, आणि मला जमेल तितक्या मोठ्याने बोललो.

"शेठ, ब्रेक खराब होता. पाइप आतून फाटलाय. तुमचा ड्रायव्हर पहिल्यापासून खरं सांगत होता. मी ऐकलं नाही, आणि काल फोनवर गप्प राहिलो."

 मग ते म्हणाले, "बरं झालं, सापडलं. पण मी दुसरा माणूस पाठवलाय त्याचं काय करू?"

 गडबडीत नटूभाई, सोमा आणि मी, तिघेही विसरलो होतो, की सोमाची गादी वाचवणारा पाय ज्याचा होता, त्याचीच त्यात गादी गेली होती. मी हरेशकडे वळलो. तो तोपर्यंत बाकापाशी जाऊन आपल्या वळकटीची दोरी घट्ट करत होता.

"मला चारोटीला उतरवा म्हणजे झालं," तो म्हणाला. "तिथून एसटी मिळते." मग सोमाकडे बघून म्हणाला, "बरं झालं लेका, मी तुझी गाडी घेऊन घाटात नाही गेलो. दाबताना मी काय हळू दाबणारा माणूस नाही."

सोमाने त्याच्या हातातून वळकटी घेतली आणि स्वतः केबिनमध्ये नेऊन ठेवली. हरेशला पुढे त्याच मालकांनी दुसऱ्या गाडीवर घेतले. अजूनही तो माझ्याकडे येतो, आणि कोणाच्या ब्रेकबद्दल मनात शंका असेल तेव्हा मी त्याला मुद्दाम दोन मिनिटे थांबवून घेतो. नटूभाई त्याच्या पायाला पासचा शिक्का मारणारा सरकारी पाय म्हणतात.

नवा पाइप बसवून झाला. आता तपासणी उरली होती. सोमाने विचारले, "आता मी दाबू?"

त्याच्या आवाजात कालचा संकोच नव्हता, पण प्रश्न कालचाच होता. मी हो म्हणणार होतो, आणि मग मला वाटले, की एवढे पुरेसे नाही. तो केबिनमध्ये बसला असता आणि मी खाली, तरी पाहणारा मीच आणि सांगणारा मीच राहिलो असतो. दांडे सरकले हे त्याने पुन्हा माझ्या शब्दावर मानायचे. माझ्या शब्दाचे काय होते, ते त्याने आदल्या दिवशी पाहिले होते. मी हातोडी त्याच्या हातात दिली.

"तू खाली जा. मी दाबतो."

नटूभाईंनी भुवया उंचावल्या, पण ते बाजूला झाले. इतकी वर्षे ट्रेलरचे ब्रेक केले, पण तपासणीच्या वेळी मी वर आणि चालक खाली, असे कधी घडले नव्हते. केबिन मला अनोळखी वाटली. काचेवर वाळलेल्या झेंडूचा हार होता आणि डावा आरसा खरोखरच उंच बसवलेला होता. त्यात मागचा सांगाडा शेवटपर्यंत दिसत होता, आणि त्याखाली सोमाचे दोन पाय. पाय पॅडलवर ठेवून मी वाट पाहू लागलो. ठोका कधी येईल हे आपल्या हातात नसते तेव्हा तो किती उशिरा येतो, हे नटूभाईंनी मला कधी सांगितले नव्हते. मी त्यांना कधी विचारले नव्हते, हे जास्त खरे.

एक ठोका आला. मी सगळा भार टाकून पॅडल तळापर्यंत दाबले. खालून काही आवाज नाही. मग दोन ठोके. मी पाय उचलला, आणि पुढून एक, मागून एक, असे दोन सुस्कारे आले. पुन्हा एक ठोका, पुन्हा तळापर्यंत. पुन्हा दोन. असे त्याने कितीदा करायला लावले, ते मी मोजले नाही. तो प्रत्येक चाकापाशी जाऊन पाहत होता. त्याला घाई नव्हती, आणि मलाही नसावी असे मला वाटले.

शेवटी सावकाश, एकामागून एक, तीन ठोके आले.

"त्रण एटले शुं?" नटूभाईंनी खालून विचारले.

आमच्या संकेतात तीन ठोक्यांना काही अर्थ नव्हता. मी पॅडलवरचा पाय काढला आणि खिडकीतून मागे पाहिले. सोमा सांगाड्याखालून बाहेर येऊन पाठीवरची धूळ झटकत होता. हातोडी त्याने माझ्याकडे परत दिली नाही. जेथे मी नेहमी ठेवतो तेथे, खिळ्यावर, स्वतः नेऊन अडकवली. मग तो केबिनपाशी येऊन उभा राहिला, मी उतरण्याची वाट पाहत.

तेव्हापासून आमच्याकडे हातोडी चालकाच्या हातात असते. बहुतेक वेळा मी वर बसतो. नटूभाईंचा गुडघा आता बाकावर असतो आणि तेथून आम्हा दोघांना सूचना देतो. आणि खालून तीन ठोके आल्याशिवाय गाडी आमच्या आवारातून बाहेर पडत नाही.